अमेरिकन दूरचित्रवाणी आणि तिचे धनी

८ जून २०२५ रोजी मी पहाटे सव्वाचारलाच उठून दिवाणखान्यात येऊन बसलो, तेव्हा माझी प्रकृती बिघडली की काय असे घरच्यांना वाटले. वस्तुतः तसे काही नव्हते. न्यूयॉर्कमध्ये त्या वेळी आदल्या दिवसाची संध्याकाळ होती आणि तेथील विंटर गार्डन नाट्यगृहात चालू असलेला एक नाट्यप्रयोग सी. एन. एन. ही वृत्तवाहिनी रंगमंचावरून जसाच्या तसा दाखविणार होती. नातवाने रात्रीच आपल्या संगणकावर सारी जुळवाजुळव करून ठेवली होती. नाटकाचे नाव ‘गुड नाईट, अँड गुड लक’. त्यात जॉर्ज क्लूनी या प्रसिद्ध नटाने एडवर्ड मर्रो या वृत्तनिवेदकाची भूमिका केली होती. सूनबाई चहा घेऊन आली, क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, “अप्पा, हे गृहस्थ बातम्या सांगताना सिगारेट कसली ओढताहेत?” मी म्हटले, “तो काळच तसा होता.” मर्रो पुढे १९६५ साली अवघ्या सत्तावन्न वर्षांचे असताना फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले, हे मात्र मी सांगितले नाही. चहा निवत होता.

त्या प्रयोगाला महिना व्हायच्या आत, जुलैच्या आरंभी, एक बातमी वाचावयास मिळाली. मर्रो ज्या सी. बी. एस. कंपनीत होते तिची मालकी असलेल्या पॅरामाउंट कंपनीने राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांना १ कोटी ६० लाख डॉलर देऊन एक दावा मिटविला. ऑक्टोबर २०२४ मध्ये कमला हॅरिस यांची मुलाखत ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात काटछाट करून फसवी दाखविली, असे त्या दाव्याचे म्हणणे होते. हा दावा न्यायालयात टिकणारा नाही असे अनेक कायदेपंडितांनी सांगितले होते. तरीही तो मिटविला गेला. पैसे राष्ट्राध्यक्षांच्या नियोजित ग्रंथालयाकडे जावयाचे ठरले. त्याच सुमारास पॅरामाउंटला स्कायडान्स या कंपनीशी विलीन व्हावयाचे होते आणि त्यास सरकारी दळणवळण आयोगाची संमती हवी होती. ती २४ जुलैला मिळाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असे कंपनीचे म्हणणे आहे. नाटकात पाहिलेले मर्रो आणि ही बातमी, दोन्ही एकाच कंपनीच्या घरातली. म्हणून मला हा सारा इतिहास पुन्हा एकदा चाळून पाहावासा वाटला.

वाचकांना एक गोष्ट आधी सांगावयास हवी. आपल्याकडे आकाशवाणी आणि दूरदर्शन ही सरकारी खात्याच्या पोटी जन्मली. अमेरिकेत तसे झाले नाही. सी. बी. एस., एन. बी. सी. आणि ए. बी. सी. या तीन खाजगी कंपन्यांनी कित्येक दशके तेथील पडद्यावर राज्य केले. त्या राज्यातील संस्मरणीय प्रसंग कोणते, असे कोणाही अमेरिकनास विचारा. तो भराभर सांगेल. १९६० साली केनेडी आणि निक्सन समोरासमोर उभे राहिले तो वाद, नोव्हेंबर १९६३ मधील केनेडींच्या हत्येनंतरचे चार दिवस, १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स गायले ती रविवारची रात्र, २० जुलै १९६९ रोजी चंद्रावर पडलेले पाऊल. हे सारे मोठेच प्रसंग आहेत. पण त्यांतून दूरचित्रवाणीची शक्ती कळते, तिची प्रकृती कळत नाही. प्रकृती कळावयाची तर असे प्रसंग पाहावे लागतात, की जेथे पडद्यावरच्या माणसाने काही म्हणावयाचे ठरविले आणि पडद्यामागच्या धन्याला ते परवडेना.

आपण राजाश्रयाच्या नगरीत वाढलेली माणसे. धन्याची मर्जी म्हणजे काय, हे आपल्या वाडवडिलांनी दरबारात पाहिले आहे. तथापि दरबारात धनी एकच असे आणि तो समोर बसलेला असे. त्याच्या कपाळावरची आठी गवयाला दिसत असे. अमेरिकन दूरचित्रवाणीवरच्या कलावंताचे धनी तीन. एक जाहिरातदार, दुसरा कंपनीचा मालक आणि तिसरे परवाने देणारे सरकार. तिघेही खोलीबाहेर बसतात, आणि आठी कोणाच्या कपाळावर पडली हे बहुधा नोकरी गेल्यावरच समजते.

मर्रो यांचे प्रकरण या दृष्टीने फार बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत असता तेथून नभोवाणीवर बातम्या देऊन त्यांनी कीर्ती मिळविली. १८ नोव्हेंबर १९५१ रोजी फ्रेड फ्रेंडली या सहकाऱ्यासह त्यांनी ‘सी इट नाऊ’ हा कार्यक्रम सुरू केला. पहिल्याच दिवशी अटलांटिक आणि पॅसिफिक हे दोन्ही महासागर एकाच वेळी प्रेक्षकांना दाखविले. तो काळ सेनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या दहशतीचा. सरकारी कचेऱ्यांत, विद्यापीठांत, चित्रपटसृष्टीत, जेथे तेथे कम्युनिस्ट दडले आहेत अशी आरोळी त्यांनी १९५० पासून उठविली होती, आणि संशय आला एवढ्यावर माणसांच्या नोकऱ्या जात होत्या.

मर्रो आणि फ्रेंडली यांनी थेट मॅकार्थींवर झडप घातली नाही. ऑक्टोबर १९५३ मध्ये त्यांनी आधी मायलो रॅड्युलोविच या एका अप्रसिद्ध तरुणाची हकीकत सांगितली. हा मिशिगनमधला विद्यार्थी, हवाई दलाच्या राखीव तुकडीतला लेफ्टनंट. त्याच्यावर स्वतःचा असा आरोप काहीच नव्हता. त्याचे वडील आणि बहीण यांचे विचार डावे असल्याचा संशय होता, आणि अशा नातलगांशी त्याचा संबंध आहे म्हणून त्याला काढावयाचे होते. चौकशीच्या वेळी पुरावा एका मोहोरबंद पाकिटात होता. ते पाकीट उघडलेच गेले नाही. वडिलांशी संबंध तोडा म्हणजे नोकरी राहील, असा या न्यायाचा अर्थ होतो, आणि तो अर्थ त्या साध्या घरातल्या माणसांच्या तोंडून देशाने ऐकला. पाच आठवड्यांनी हवाई दलाच्या मंत्र्यांनी त्याच कार्यक्रमात येऊन निर्णय फिरविल्याचे जाहीर केले. मला विचाराल तर पुढच्या गाजलेल्या भागापेक्षा हाच भाग मोठा. बलाढ्य पुढाऱ्याला पडद्यावर उघडे पाडण्यात थोडी नाट्याची हौसही असते. एका अनोळखी लेफ्टनंटसाठी आपली भाकरी पणाला लावण्यात ती नसते.

९ मार्च १९५४ चा भाग मॅकार्थींवर होता. त्यात मर्रो यांनी फारसे काही केलेच नाही. मॅकार्थींचीच भाषणे, त्यांचेच प्रश्न, त्यांचेच हसणे चित्रफितींवरून निवडून एकापुढे एक लावले आणि शेवटी चार शब्द आपले सांगितले. या भागाची वर्तमानपत्रात जाहिरात द्यावयास कंपनी तयार नव्हती. मर्रो आणि फ्रेंडली यांनी पदरचे पैसे घालून ती दिली. म्हणजे कंपनीने कार्यक्रम अडविला नाही, पण तो आपला म्हणून मिरविलाही नाही. धन्याची ही तिसरी तऱ्हा ओळखून ठेवण्याजोगी आहे.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. मर्रो यांनी मॅकार्थींना पाडले, ही दंतकथा आहे. कित्येक वृत्तपत्रकार आणि व्यंगचित्रकार त्यांच्या आधीपासून लिहीत-रेखाटत होते, आणि खरा घाव पुढच्या महिन्यात बसला. २२ एप्रिल ते १७ जून १९५४ या काळात सैन्य आणि मॅकार्थी यांच्यामधील तंट्याची सेनेटपुढे छत्तीस दिवस सुनावणी झाली. ९ जूनला सैन्याचे वकील जोसेफ वेल्च यांनी, तुमच्यापाशी सभ्यतेचा काही अंश उरला आहे की नाही, अशा अर्थाचा प्रश्न मॅकार्थींना केला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. सेनेटने डिसेंबरात ६७ विरुद्ध २२ मतांनी मॅकार्थींचा निषेध केला. पण ही सुनावणी आरंभापासून अखेरपर्यंत दाखविली कोणी? सी. बी. एस.ने नाही. एन. बी. सी.ने दोन-तीन दिवसांत अंग काढून घेतले. ती दाखविली ए. बी. सी. आणि ड्यूमाँट या दोन दुबळ्या कंपन्यांनी. ए. बी. सी.जवळ दुपारचे असे कार्यक्रमच फारसे नव्हते. बुडावयास जाहिराती नव्हत्या. लोकशाहीचे एक मोठे काम दुपारची वेळ रिकामी होती म्हणून पार पडले, हे वाचून हसावे की रडावे ते कळत नाही.

‘सी इट नाऊ’चे पुढे काय झाले? जून १९५५ मध्ये सी. बी. एस.वर त्याच्या आधीच्या अर्ध्या तासात ‘सिक्स्टी-फोर थाउजंड डॉलर क्वेश्चन’ नावाची प्रश्नोत्तरांची स्पर्धा सुरू झाली. प्रेक्षकांची अशी झुंबड उडाली, की त्या वेळेचा भाव कडाडला. ॲल्युमिनियमचा व्यापार करणाऱ्या ज्या अल्कोआ कंपनीने इतकी वर्षे मर्रो यांचा खर्च सोसला होता, तिनेही १९५५ मध्येच हात काढून घेतला. कार्यक्रमाची साप्ताहिक वेळ गेली, आणि १९५८ साली तो बंद पडला. मर्रो यांना कोणी काढले नाही, बोलावून दटावले नाही. फक्त हिशेब जमेना. त्याच वर्षी ऑक्टोबरात शिकागो येथे दूरचित्रवाणीच्या धंद्यातील लोकांपुढे त्यांनी भाषण केले: हे साधन शिकवू शकते, जागे करू शकते, तसे वापरले नाही तर ती नुसती तारांची आणि दिव्यांची पेटी आहे, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी प्रश्नोत्तरांच्या त्या स्पर्धांचे बिंग फुटले. एन. बी. सी.वरील ‘ट्वेंटी-वन’चा लोकप्रिय विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन याने संसदेच्या समितीपुढे, उत्तरे मला आधीच दिली होती, अशी कबुली दिली.

मालक नेहमीच भ्याले असे मात्र नाही. ७ मार्च १९६५ च्या रविवारी रात्री ए. बी. सी.वर ‘जजमेंट ॲट न्यूरेंबर्ग’ हा चित्रपट चालू होता. नाझींच्या गुन्ह्यांची चौकशी हा त्याचा विषय. प्रेक्षक सुमारे पावणेपाच कोटी. मध्येच चित्रपट थांबविला गेला आणि अलाबामातील सेल्मा गावच्या पुलावरची, त्याच दिवशीची दृश्ये सुरू झाली. मताचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या शांत मोर्चावर घोडेस्वार आणि पोलीस लाठ्या चालवीत होते, अश्रुधूर सोडीत होते. सुमारे पंधरा मिनिटे हे चालले. काही प्रेक्षकांना क्षणभर तो चित्रपटाचाच भाग वाटला म्हणतात. आठ दिवसांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन संसदेपुढे उभे राहिले, आणि ऑगस्टात मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. पैसे देऊन घेतलेला चित्रपट मध्येच तोडण्याचा तो निर्णय व्यापारी हिशेबात बसणारा नव्हता, आणि तरीही तो घेतला गेला.

याच्या उलट प्रकार अकरा महिन्यांनी घडला. फ्रेड फ्रेंडली तोवर सी. बी. एस.च्या वृत्तविभागाचे प्रमुख झाले होते. फेब्रुवारी १९६६ मध्ये सेनेटर फुलब्राइट यांच्या समितीपुढे व्हिएतनाम युद्धावर साक्षी चालू होत्या. १० तारखेला जॉर्ज केनन हे रशियाविषयक धोरणाचे जाणते मुत्सद्दी बोलत होते, आणि एन. बी. सी. ती साक्ष दाखवीत होती. सी. बी. एस.ने त्या वेळी ‘आय लव्ह ल्यूसी’चे जुने भाग पुन्हा दाखविले. दुपारी घरी असणाऱ्या गृहिणींना युद्धाच्या साक्षीत काय रस, असा हिशेब. ज्यांची मुले व्हिएतनामला जावयाची होती त्या याच गृहिणी, हे कोणाच्या ध्यानात आले नाही! फ्रेंडली यांनी १५ तारखेला राजीनामा दिला. ‘ल्यूसी’ वाईट होती असे मी म्हणणार नाही. १९ जानेवारी १९५३ रोजी त्या मालिकेत ल्यूसीला मुलगा झाला, तो भाग पाहावयास जितके लोक बसले तितके दुसऱ्या दिवशी आयसेनहॉवर यांच्या शपथविधीलाही बसले नव्हते. पण पाहिलेला विनोद पुन्हा दाखविण्यासाठी साक्ष झाकावी, हे फ्रेंडली यांना सोसले नाही.

या कथेत विनोदी मंडळींचा वाटाही मोठा आहे. स्मदर्स बंधूंचा गमतीजमतींचा कार्यक्रम सी. बी. एस.वर १९६७ मध्ये सुरू झाला. पीट सीगर या लोकगायकाला मॅकार्थीच्या काळापासून मोठ्या वाहिन्यांवर बंदी होती. या बंधूंनी त्याला बोलाविले. चिखलाच्या नदीत सैनिकांना पुढे पुढे रेटणाऱ्या अधिकाऱ्यावरचे त्याचे गाणे कंपनीने सप्टेंबरात कापले, कारण त्यातला रोख कोणावर आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होते. पुष्कळ ओरड झाल्यावर ते २५ फेब्रुवारी १९६८ ला दाखविले गेले. त्यानंतर दोनच दिवसांनी, त्याच वाहिनीवर, वॉल्टर क्रॉन्काइट या सर्वमान्य वृत्तनिवेदकाने व्हिएतनामहून परतून सांगितले, की हे युद्ध जिंकले जाईलसे दिसत नाही, वाटाघाटी कराव्या. क्रॉन्काइटना कोणी हात लावू शकले नाही. स्मदर्स बंधूंचा कार्यक्रम मात्र एप्रिल १९६९ मध्ये बंद झाला. कारण? चित्रफीत तपासणीसाठी वेळेवर पोहोचली नाही, हे. बंधू न्यायालयात गेले आणि जिंकले. पण कार्यक्रम तो गेला तो गेलाच.

एव्हाना वाचकांच्या लक्षात आले असेल. कारण नेहमी तांत्रिकच असते. वेळेचा भाव वाढला, दुपारच्या गृहिणी, चित्रफितीला उशीर. १७ जुलै २०२५ रोजी स्टीफन कोल्बेर यांनी जाहीर केले, की सी. बी. एस. आपला ‘लेट शो’ मे २०२६ मध्ये बंद करणार. ज्या नाट्यगृहात १९६४ साली बीटल्स गायले त्याच नाट्यगृहात हा कार्यक्रम होत असे. पॅरामाउंटने दिलेल्या १ कोटी ६० लाख डॉलरांची त्यांनी तीनच दिवसांपूर्वी उघड टवाळी केली होती. कंपनीने सांगितले, निर्णय निव्वळ आर्थिक आहे. वर्षाला सुमारे चार कोटी डॉलरांची तूट येते, अशा बातम्याही आल्या. ती तूट खोटी आहे असे मला म्हणावयाचे नाही. रात्री उशिराच्या कार्यक्रमांचा प्रेक्षक खरोखरच ओसरला आहे. १९८३ साली ‘मॅश’ मालिकेचा शेवट दहा कोटींहून अधिक लोकांनी एका रात्री पाहिला, तसे आता कोणत्याच मालिकेला जमणार नाही. पण खोटे कारण ओळखणे सोपे असते. खरे असूनही अपुरे असलेले कारण फार कठीण. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’चे प्रमुख निर्माते बिल ओवेन्स यांनी, स्वतंत्रपणे निर्णय घेता येत नाहीत म्हणून, राजीनामा दिला होता. फ्रेंडली यांच्या राजीनाम्याला एकोणसाठ वर्षे झाली होती.

तथापि एक फरक मला दिसतो, आणि तो लहान नाही. मर्रो आणि स्मदर्स यांच्या काळात आठी मुख्यतः जाहिरातदाराच्या वा मालकाच्या कपाळावर असे. सरकारने धमकावले नाही असे नव्हे. उपराष्ट्राध्यक्ष ॲग्न्यू यांनी नोव्हेंबर १९६९ मध्ये तिन्ही वाहिन्यांवर जाहीर तोफ डागली, आणि वॉटरगेटच्या दिवसांत ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या मालकीच्या फ्लोरिडातील केंद्रांच्या परवान्यांना निक्सनच्या मित्रांनी आव्हान दिले. पण त्या वेळी कंपनी धनाढ्य होती, तिला कोणाकडे काही मागावयाचे नव्हते. आज जुन्या कंपन्या खंगल्या आहेत, एकमेकींत विलीन होऊन जगू पाहतात, आणि प्रत्येक विलीनीकरणाला सरकारची सही लागते. जो सही मागावयास दारात उभा आहे, त्याला धमकावण्याची गरजच काय!

सप्टेंबर २०२५ मध्ये हे उघड्यावर घडले. चार्ली कर्क या उजव्या विचारांच्या तरुण प्रचारकाची १० तारखेला हत्या झाली. त्यानंतरच्या राजकारणावर जिमी किमेल यांनी ए. बी. सी.वरील आपल्या कार्यक्रमात टोमणा मारला. तो टोमणा मला स्वतःला अस्थानी वाटला. माणूस मरून आठवडा झाला नव्हता. पण अभिरुचीचा प्रश्न वेगळा आणि परवान्याचा वेगळा. १७ तारखेला दळणवळण आयोगाचे अध्यक्ष ब्रेंडन कार यांनी एका मुलाखतीत कंपनीला कारवाईचा इशारा दिला. परवाना वाहिनीला नसतो, तो गावोगावच्या केंद्रांना असतो. आणि अशी डझनावारी केंद्रे आता नेक्स्टार आणि सिंक्लेअर यांसारख्या थोड्या कंपन्यांच्या हाती आहेत. नेक्स्टारला टेग्ना ही दुसरी कंपनी ६२० कोटी डॉलरांना विकत घ्यावयाची होती, त्यासाठी याच आयोगाची संमती हवी होती. त्याच दिवशी नेक्स्टारने किमेल यांचा कार्यक्रम दाखविणार नाही असे सांगितले, सिंक्लेअरने री ओढली, आणि ए. बी. सी.ने कार्यक्रम थांबविला. राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे सेनेटर टेड क्रूझ यांनी कार यांच्या भाषेला गुंडांची भाषा म्हटले, यावरून तिचा सूर कसा होता ते कळेल.

तीन धन्यांवाचून चालणारी एक चौथी वाट अमेरिकेने १९६७ साली शोधली होती. सार्वजनिक पैशाने, पण सरकारच्या हाताबाहेर चालणारी दूरचित्रवाणी. १ मे १९६९ रोजी तिचे पैसे निम्मे करण्याची भाषा चालू असता, फ्रेड रॉजर्स हे लहान मुलांच्या कार्यक्रमाचे सौम्य गृहस्थ सेनेटर पास्टोरी यांच्या समितीपुढे बसले. मुलाला राग आला तर त्याने त्या रागाचे काय करावे हे आम्ही शिकवितो, असे त्यांनी सहा-सात मिनिटे सांगितले. करड्या स्वभावाचे पास्टोरी विरघळले आणि म्हणाले, तुम्ही ते दोन कोटी डॉलर मिळविलेत. बडोद्याच्या वाचकाला यात सयाजीराव महाराजांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. १९१० साली त्यांनी बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून गावोगावी मोफत ग्रंथालये काढली ती याच विचाराने: ज्ञानाचा खर्च दौलतीने करावा, वाचनाची निवड वाचकाने करावी. २४ जुलै २०२५ रोजी, पॅरामाउंटला संमती मिळाली त्याच दिवशी, राष्ट्राध्यक्षांनी सार्वजनिक नभोवाणी-दूरचित्रवाणीचे दोन वर्षांचे ११० कोटी डॉलर रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. हा पैसा वाटणाऱ्या संस्थेने ऑगस्टात आपले काम गुंडाळत असल्याचे जाहीर केले.

किमेल परत आले ते २३ सप्टेंबरला. दरम्यान ए. बी. सी.च्या मालक डिस्ने कंपनीची वर्गणी पुष्कळांनी बंद केली होती, आणि नटनट्यांनी निषेधाची पत्रके काढली होती. त्या रात्री साठ लाखांहून अधिक लोकांनी कार्यक्रम पाहिला. नेहमीच्या तुलनेने ही संख्या कितीतरी मोठी. नातू म्हणाला, “आजोबा, मग लोक जिंकले ना?” मी म्हटले, थांब. कारण त्या रात्री नेक्स्टार आणि सिंक्लेअर यांच्या केंद्रांवर तो दिसलाच नाही. तीन दिवसांनी दिसू लागला. खुद्द राजधानी वॉशिंग्टनमधले ए. बी. सी.चे केंद्र सिंक्लेअरचे. तेथल्या लोकांनी किमेल यांचे भाषण, मी पहाटे मर्रो यांचे नाटक पाहिले तसेच, संगणकावर पाहिले.